भुंगेवहिनींचा डबा

भुंगेवहिनींनी म्हणे जंगलात एक माणूस ठेवला होता, आणि रोज सकाळी त्या त्याच्यासाठी गरम डबा घेऊन जात होत्या.

ही बातमी आमच्या गल्लीच्या तोंडाशी जे इस्त्रीचं टेबल आहे तिथे जन्मली आणि दुपारपर्यंत तिला पाय फुटले. इस्त्रीवालीकडे शर्ट टाकला की शर्टाच्या सुरकुत्या जातात, पण त्या जातात कुठे हे मला फार वर्षांनी कळलं. त्या कुणाच्या ना कुणाच्या अब्रूवर जाऊन बसतात. तरी बाई खोटं कधी बोलत नाही हं! ती फक्त दोन खऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवते आणि हात झटकून मोकळी होते.

पहिली खरी गोष्ट अशी, की वहिनी उजाडल्या उजाडल्या स्टीलचा डबा घेऊन घराबाहेर पडत. कडीचा डबा, घट्ट झाकण, वरून फडकं आणि फडक्याला दुहेरी गाठ. डबा अंगापासून हातभर लांब धरलेला. जंगलाकडे जाणाऱ्या बसमध्ये पुढच्या जागा रिकाम्या असल्या तरी वहिनी शेवटच्या बाकावर बसणार, खिडकी सताड उघडी टाकणार. एकदा कंडक्टर भल्या मनाने म्हणाला, "द्या वहिनी, मी धरतो." तर त्या अशा खेकसल्या, "हात तर लावून बघ!" की तो बिचारा पुढच्या स्टॉपपर्यंत तिकिटं फाडायचीच विसरला. संध्याकाळी मात्र त्याच वहिनी रिकामा डबा हलवत, गाणं गुणगुणत परत यायच्या.

दुसरी खरी गोष्ट म्हणजे टेलरमास्तर. वहिनींचे यजमान. त्या दिवसांत ते सकाळी दुकानाची फळी उशिरा काढत, कुणाच्या नजरेला नजर देत नसत आणि माप घेताना उसासे टाकत.

"नवरा मान खाली घालून बसलाय आणि बायको गाणं म्हणत येतीये," इस्त्रीवाली म्हणाली. "आता याचा अर्थ ज्याचा त्याने काढावा."

"या वयात?" मी म्हटलं. वहिनींची पन्नाशी उलटली होती. गुडघे जिना चढताना तक्रार करत.

"या वयात आहे म्हणूनच खरं असणार," ती म्हणाली.

आता वहिनी कोण, ते नीट सांगतो, नाहीतर तुम्हीही इस्त्रीवालीच्याच वाटेने जाल.

वहिनी कॉलेजच्या नमुनाघरात कामाला. नमुनाघर म्हणजे एक लांबट खोली, भिंतीभर लाकडी कपाटं, कपाटात काचेच्या झाकणाचे खण आणि खणांत टाचणीवर टोचून ओळीने बसवलेले किडे. शिपाईण म्हणून लागल्या, झाडू मारता मारता काचेतून डोकावू लागल्या, आणि एके दिवशी मोडक्या पायाचा एक भुंगा त्यांनी असा काही जोडून दिला की प्राणिशास्त्राच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, "झाडू ठेवा. इकडे बसा." मॅडमनीच मग त्यांना सगळं शिकवलं. कुठल्या किड्याला टाचणी उजव्या पंखातून घालायची, पाय कसे पसरायचे, भिंगातून काय बघायचं. शिकवणारीचे कष्ट होते आणि शिकणारीची हौस होती. वहिनी मात्र गल्लीत सांगताना मॅडमच्या कष्टांचा भाग जरा झटपट उरकत.

कारण नम्रपणा हा गुण वहिनींच्या अंगाला कधी शिवला नाही. "माझ्या हातून भुंग्याचा पाय मोडला असं दाखवा, मी नोकरी सोडते," हे वाक्य त्यांनी कुणी विचारलेलं नसताना निदान शंभर वेळा ऐकवलं असेल. गल्लीने त्यांना भुंगेवहिनी हे नाव चिडवायला ठेवलं होतं. त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. पोस्टमन नवीन होता तेव्हा त्याला स्वतःच सांगितलं, "भुंगेवहिनी विचारा, कुणीही घर दाखवेल."

घर तरी केवढं? पुढच्या खोलीत मास्तरांचं दुकान, मागच्या खोलीत संसार. कापड बेतायच्या लांब टेबलाच्या एका टोकाला मास्तरांचा खडू, कात्री, टेप, आणि दुसऱ्या टोकाला वहिनींचा थर्मोकोलचा तुकडा, त्यावर घरी आणलेलं काम. घराला डांबरगोळ्यांचा वास. दोघांचाही धंदा टाचणीचा, त्यामुळे भांडणही टाचणीवरून.

"माझ्या डबीतल्या टाचण्या कमी झाल्यात," मास्तर म्हणत.

"तुमच्या टाचण्या? त्या खिळ्यांनी मी भुंगा टोचला तर बिचाऱ्याचे दोन तुकडे होतील," वहिनी म्हणत.

आणि मास्तर म्हणजे टापटिपीचा पुतळा. कात्री वापरण्याआधी पुसणार, वापरल्यावर पुसणार. गिऱ्हाइकाचं माप घेताना टेपच गिऱ्हाइकाला लागावा, बोट लागू नये, अशी त्यांची कला. ढेकर आली तर रिकाम्या खोलीची माफी मागणारा माणूस. जेवताना बायकोने किड्याचं नाव जरी काढलं तरी ते ताट घेऊन दुकानात जाऊन बसत. आणखी एक अभिमान होता त्यांना. जन्मात औषधाची एक गोळी गिळली नव्हती. ताप आला तर भाताची पेज आणि पांघरूण. "माझं शरीर मी शिवलेल्या कोटासारखं आहे," म्हणत. "आत अस्तर चांगलं असलं की वरून ठिगळ लागत नाही."

अशा या जोडप्याच्या आयुष्यात जंगल आलं ते असं.

आमच्या गावामागे डोंगर आहे, डोंगरावर दाट जंगल, आणि डोंगराच्या पोटात एक दरी. डोंगर राखून ठेवावा, अभयारण्य करावं, अशी मागणी फार दिवसांची. दरीवर मात्र दगडखाणवाल्यांचा डोळा. त्यांचे एक साहेब होते, अतिशय गोड बोलणारे. म्हणायचे, "डोंगर खुशाल ठेवा हो. दरीत आहे काय? झुडपं आणि दगड. झुडपं तुम्ही घ्या, दगड आम्हाला द्या." सरकारने समिती नेमली. समितीने सांगितलं, डोंगरात आणि दरीत काय काय जगतं ते मोजून दाखवा. मग सीमा आखू.

मोजणीचं काम मोठ्या मॅडमकडे आलं. त्यांनी माणसं वाटली. कुणी झाडं घेतली, कुणी पाखरं, एक जण बेडूक घेऊन बसला. दरीतली मोठी जनावरं लाजरी, गर्द झाडीत कुणाला दिसायला तयार नाहीत. तेव्हा मॅडमनी दरीची मदार शेणकिड्यांवर ठेवली आणि शेणकिड्यांचं पथक वहिनींकडे दिलं. कागदावर छापून आलं: पथकप्रमुख. वहिनींनी तो कागद दुकानात आरशाशेजारी लावला. कोट घालून बघणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी बायकोची पदवी वाचावी लागे.

"पण किड्यांवरून जनावरं कशी कळणार?" मी विचारलं.

"भाऊजी, घरात कोण कोण राहतं हे दिवाणखाना बघून कळत नाही," वहिनी म्हणाल्या. "संडास बघून कळतं."

गोष्ट खरी आहे. जिथे जनावर तिथे शेण, जिथे शेण तिथे शेणकिडा. लहान जनावराच्या लेंड्यांवर लहान किडे, मोठ्या खुराच्या जनावराच्या शेणावर मोठे. जंगल मेलं की शेण संपतं, शेण संपलं की किडे संपतात. त्यामुळे किडा पकडला की जंगलाची नाडीच हाताला लागली. आता दरी अभयारण्याच्या आत की बाहेर, हे वहिनींच्या सापळ्यांवर येऊन ठेपलं होतं, आणि गावात कुजबुज सुरू झालीच होती, "शिपाईणीच्या हातात दरी दिली. आता बघा मजा."

सापळा अगदी साधा. जमिनीत एक पेला कडेपर्यंत पुरायचा आणि त्याच्यावर आमिष टांगायचं. वासाने किडा येतो आणि पेल्यात पडतो. आमिष टांगायला छोट्या पुरचुंड्या लागतात. वहिनींनी मास्तरांना मलमलीच्या उरलेल्या तुकड्यांच्या पिशव्या शिवायला सांगितलं.

"बियांसाठी का?" मास्तरांनी विचारलं.

"तसंच काहीतरी," वहिनी म्हणाल्या.

मास्तरांनी जीव ओतला. दुहेरी शिवण, आत नाडी, कडेला बारीक दुमड. अशा पिशव्या की त्यात कुणी मोती ठेवावेत. आणि आठवड्याने त्यांना कळलं की त्यात काय ठेवतात. शेणकिड्याला सगळ्यात जास्त ओढ माणसाच्या विष्ठेची असते. जगभर हेच आमिष वापरतात, त्याला इलाज नाही. हे ऐकल्यावर मास्तर दोन वेळा जेवले नाहीत, आणि शिवणयंत्र असं घासलं की त्यावरचं सोनेरी नक्षीकाम गेलं.

हे आमिष पुरवायचा मान पथकाच्या जीपच्या ड्रायव्हरकडे होता. धिप्पाड गडी. खाणं दांडगं आणि पुढचा हिशेबही तसाच रोख. सुरुवातीला लाजला, मग त्याला त्याचाच गर्व झाला. "वहिनी, आज माल एक नंबर आहे," असं तो चारचौघांत सांगू लागला तेव्हा मॅडमना त्याला समज द्यावी लागली. डोंगरमाथ्यावर या मालाने कमाल केली. पेले भरून किडे. काळे, हिरवे, तांब्याच्या रंगाचे, शिंगवाले. वहिनी गल्लीतून चालायच्या त्या अशा, की जणू ते सगळे त्यांच्याच पोटी जन्मले आहेत.

मग सापळे दरीत उतरले, आणि पेले रिकामे निघाले.

अगदीच रिकामे नाहीत. कुठे एखादा मरतुकडा किडा, कुठे चुकून पडलेली मुंगी. वहिनींनी जागा बदलल्या, पेले धुतले, पुन्हा पुरले. पुन्हा तेच. खाणवाल्या साहेबांच्या कानावर गेलं. ते हसले नाहीत, सभ्य माणूस. नुसतं म्हणाले, "मी म्हणत होतोच."

त्या दिवशी वहिनी घरी आल्या त्या कुणाशी न बोलता. आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवरच बसून राहिल्या. मी म्हटलं, "काय वहिनी, आज भुंगे रुसले?" एरवी या बाईने माझी दहा पिढ्यांची धूळ झाडली असती. त्या म्हणाल्या, "दरी मेलीये भाऊजी. आणि ते सांगायचं माझ्या तोंडून आहे." मी चेष्टा तिथेच सोडली आणि त्यांच्या शेजारी बसलो. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं.

दुसऱ्या दिवशी नमुनाघरात बैठक बसली. बेडूकवाला, तसा मनाने चांगला पोरगा, हळूच म्हणाला, "माथ्यावरचे किडे एवढे आहेत. चार मूठ दरीच्या बाटल्यांत टाकले तर कोण विचारतंय? चांगल्या कामासाठीच आहे ना!"

वहिनींनी हातातला चिमटा खाली ठेवला. "माझ्या टाचणीवर डोंगराचा भुंगा दरीचा म्हणून बसणार नाही. दरी गेली तर गेली. पण हे खण मी वीस वर्षं पुसलेत. त्यात खोटा किडा नाही ठेवायचा." बेडूकवाला लाल झाला, आणि हे बरं झालं.

मोठ्या मॅडमनी एकच गोष्ट विचारली. "आमिष देणाऱ्याने मधल्या काळात काही औषध घेतलं होतं का?"

ड्रायव्हरला बोलावलं. तो म्हणाला, "औषध कसलं? पोट दुखत होतं म्हणून जंताच्या गोळ्या घेतल्या, त्या काय औषध झालं? रोज घेतोय. वहिनींनीच तर दिल्या!"

आता घ्या! पोरगा पोट धरून बसलेला बघून वहिनींची माया उफाळून आली होती. पर्समधली जंताच्या गोळ्यांची पट्टी काढून त्याच्या हातावर ठेवली होती, वर दटावलंही होतं, "पूर्ण संपव, अर्धवट सोडू नको." किडे मारायचं औषध त्या माणसाच्या पोटात घातलं, त्याच्या पोटातून निघालेल्या मालावर किडे बोलावले, आणि किडे का येत नाहीत म्हणून दरीला मेलेली ठरवलं! ही चूक करायलाही जाणकार लागतो. तुम्ही-आम्ही करू म्हटलं तरी होणार नाही.

मॅडम माणूस न्यायाच्या. त्या म्हणाल्या, "गोळ्यांमुळेच किडे आले नाहीत असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. दरी खरंच रिकामी असू शकते. पण हे आमिष धरून काढलेला निकाल बाद. सुनावणीच्या आधी एकदाच पुन्हा लावता येईल. आणि आमिष अशा माणसाचं हवं ज्याने काहीही घेतलेलं नाही."

म्हणजे कोण? ड्रायव्हर बाद. मॅडमना रक्तदाबाची गोळी. बेडूकवाल्याच्या दाढेवर नुकतेच उपचार. वहिनींना साखरेची गोळी. आणि आमच्या वयाचा माणूस म्हणजे चालतं औषधाचं दुकान, तेव्हा माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. मी उगाच अपमान मानून घेतला नाही.

त्या संध्याकाळी टेलरमास्तरांच्या घरातून आवाज आले. त्यांची आणि आमची भिंत एक. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला आमची ही असते. तिने ऐकलं ते असं.

मास्तर म्हणत होते, "नाही म्हणजे नाही! लोक काय म्हणतील?"

"लोकांना कळणारच नाही."

"मला तर कळेल!"

मग वहिनींचा आवाज, इतका हळू की हिला श्वास रोखावा लागला. "दरी जाईल हो."

मग टेबलावर कात्री ठेवल्याचा आवाज. दुसऱ्या दिवशी शिवणयंत्र वाजलं नाही. आणि त्याच सकाळी वहिनी डबा घेऊन बाहेर पडल्या.

आता सांगा, एवढं ऐकल्यावर इस्त्रीवालीने काय करावं? हिने तिला सांगितलं, तिने टेबल पुसलं आणि गोष्ट अंथरली. डबा खरा, भांडण खरं, उसासे खरे. जंगलातला माणूस तेवढा तिने पदरचा घातला, तोही जोडणीपुरता. त्याच्या वयावरून, धंद्यावरून गल्लीत दोन तट पडले. कुणी म्हणे लाकडाच्या वखारीचा जुना पहारेकरी, कुणी म्हणे कॉलेजातून काढून टाकलेला प्राध्यापक. एकाने तर त्याच्या मिशाही बघितल्या होत्या.

नवं आमिष कुणाचं, हे वहिनींनी पथकात सांगितलं नाही. म्हणूनच पथकाची जीप सोडून त्या बसने जात. मॅडमनी विचारलं तर म्हणाल्या, "खात्रीचं आहे. गोळी कधी माहीत नाही. जबाबदारी माझी." ज्या बाईने स्वतःच्या पदवीचा कागद आरशाला लावला, ती या एका गोष्टीवर ओठ शिवून बसली. मला विचाराल तर त्या सगळ्या प्रकरणात मला याचं जास्त नवल वाटतं.

आणि दरी बोलली. पहिल्याच पेल्यात अंगठ्याएवढा काळाकुळकुळीत किडा सापडला, डोक्यावर गेंड्यासारखं शिंग. हा मोठ्या जनावरांच्या शेणाशिवाय पिल्लं वाढवतच नाही. मग रोजचे पेले भरू लागले. माथ्यावर नव्हत्या अशाही जाती निघाल्या. वहिनी तिथल्या चिखलात फतकल मारून बसल्या आणि रडल्या म्हणे. हे मला ड्रायव्हरने सांगितलं. वहिनींना विचारलं तर म्हणतात, डोळ्यात चिलट गेलं होतं.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात झाली. खुर्च्यांचं रेक्झिन फाटलेलं, पंखा करकरतोय, माइक शिट्या मारतोय. आमची गल्ली झाडून हजर. इस्त्रीवाली पुढच्या रांगेत, मास्तर सगळ्यात मागे, स्वतः शिवलेल्या करड्या सुटात, गुडघ्यांवर हात ठेवून.

वहिनी उभ्या राहिल्या. पहिली फेरी रिकामी गेली हे त्यांनीच आधी सांगितलं. "गोळ्या मी दिल्या. चूक माझी. मॅडमची नाही, पोराची नाही." मग दुसऱ्या फेरीचे खण टेबलावर मांडले. काचेखाली दरीतले किडे ओळीने बसले होते, एकाचाही पाय मोडलेला नाही. अध्यक्ष चष्मा वर करून वाकून बघत राहिले.

तेव्हा खाणवाले साहेब उठले, अगदी अदबीने. "बाईंच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण पहिल्या वेळी आमिषातच घोटाळा होता असं त्याच म्हणतात. मग दुसऱ्या वेळी नव्हता कशावरून? आमिष कुणाचं होतं?"

प्रश्न रास्त होता. मॅडमही वहिनींकडे बघू लागल्या.

"निरोगी, प्रौढ पुरुषाचं," वहिनी म्हणाल्या. "ज्याने जन्मात गोळी घेतलेली नाही."

"नाव?"

"नाव मी सांगणार नाही."

सभागृहात चुळबुळ झाली. साहेब हात पसरून म्हणाले, "मग अध्यक्षमहाराज, हा पुरावा आम्ही धरायचा कसा?"

अध्यक्ष म्हणाले, "बाई, विचार करा. नाव नसेल तर दुसरी फेरीही बाद करावी लागेल. दरी जाईल."

वहिनींच्या हातात टाचण्यांची डबी होती. ती त्यांनी बंद केली. "जाऊ दे साहेब," त्या म्हणाल्या. "शब्द दिलाय."

मी या बाईला तीस वर्षं चिडवत आलोय. त्या क्षणी माझी मान अशी ताठ झाली, की जणू मीच पथकप्रमुख आहे.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. टेलरमास्तर उभे होते. त्यांनी आधी कोटाची गुंडी लावली. उभं राहिल्यावर कोटाची गुंडी लावायची असते, हे ते गिऱ्हाइकांना नेहमी सांगतात. मग म्हणाले, "अध्यक्षमहाराज, तो माणूस मी. मी यांचा नवरा. गोळी कधीच घेतलेली नाही. डॉक्टर तपासणार असतील तर मी तयार आहे."

कुणी हसलं नाही. खरं सांगतो, मला वाटलं होतं छप्पर उडेल. पण आमच्या गावात मास्तरांच्या हातचा निदान एक सदरा नाही असा पुरुष नव्हता. तो माणूस काय बोलला आणि त्याला ते बोलणं किती जड गेलं, हे सगळ्यांना माहीत होतं. इस्त्रीवालीने तोंडाला पदर लावला आणि बराच वेळ काढला नाही.

अध्यक्ष म्हणाले, "बसा मास्तर. नोंद केली." खाणवाले साहेब खाली बसता बसता म्हणाले, "माझा प्रश्न संपला." सभ्य माणूस, म्हटलंच होतं मी.

वहिनी मात्र माइकसमोरच मागे वळून नवऱ्यावर डाफरल्या, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं उठायला?"

"तुला नाव घ्यायला लाज वाटत होती, मग मीच घेतलं," मास्तर म्हणाले. तेव्हा कुठे सभागृह हसलं, आणि टाळ्यांचा जो कडकडाट झाला त्यात पंख्याची करकर ऐकू आली नाही.

दरी अभयारण्यात आली. सीमा खाणीच्या जागेला वळसा घालून नाही, तिच्या पलीकडून गेली. आता तिथे कमान आहे, तिकीटघर आहे, पाहुण्यांना दाखवायचा फलक आहे, आणि फलकावर पाखरांच्या नि फुलांच्या चित्रांत खाली कोपऱ्यात तो शिंगवाला किडाही आहे. वहिनींना तो फारच लहान काढला असं वाटतं. त्याबद्दल त्यांनी वनखात्याला दोनदा सुनावलंय. निवृत्त झाल्या तरी नमुनाघरात जातात आणि नव्या मुलींच्या टाचण्या तपासतात. मास्तरांचं यंत्र पुन्हा सुरू आहे. गिऱ्हाईक ओळखीचं असेल तर माप घेता घेता डोंगराकडे बोट दाखवतात. "ती दरी दिसते? तिच्यात थोडा हातभार आमचाही आहे," म्हणतात, आणि टेप गुंडाळतात. पुढचं विचारलं की कात्री पुसायला लागतात.

गल्लीचं मात्र आता बघवत नाही. जंगलातल्या माणसाच्या मिशा बघणारेसुद्धा पाहुण्यांना सांगतात, "आमच्या वहिनींनी दरी वाचवली." सांगू देत. मीही सांगतो. माझ्या सांगण्यात दरी जरा मोठीच असते.

पण पलीकडच्या वस्तीत अजून कुणीतरी डब्याची जुनी गोष्ट काढतं, म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. जंगलात कुणी माणूस नव्हता. डब्यात जेवण नव्हतं. डब्यात टेलरमास्तरांची विष्ठा होती, आणि वहिनी ती सापळ्यांना लावायला नेत होत्या.